कराडची खासदारकी कुठे गेली?

एप्रिल २००९. कराडच्या शनिवार पेठेत एका मंडळाच्या मांडवात टेबल टाकून मतदार चिठ्ठ्या वाटणं चाललं होतं. रांगेतल्या एका आजोबांनी हातातली चिठ्ठी चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ नेली. वर छापलं होतं ४५ सातारा, त्याखाली २६० कराड दक्षिण. आजोबांनी चिठ्ठी परत टेबलावर ठेवली. ‘ही माझी न्हवं. आमी उत्तरचं.’ टेबलामागच्या पोरानं यादी पुन्हा चाळली. नाव तेच, घर नंबर तोच. ‘आजोबा, आता आपण दक्षिणेत आलोय.’ ‘आन् लोकसभा?’ ‘सातारा.’ आजोबा जरा थांबले. ‘म्हंजी घर हाय तिथंच, आन् गाव हललं?’ मागच्या दोघातिघांना हसू आलं, पण त्यांच्याही हातात तसलीच चिठ्ठी होती.

त्या निवडणुकीपासून कराड नावाचा लोकसभा मतदारसंघ कागदावर राहिला नाही. बोलताना लोक ‘रद्द झाला’ म्हणतात. काही जण ‘साताऱ्यात विलीन झाला’ म्हणतात, तर पाटणकडचे जुने कार्यकर्ते सरळ ‘पळवला’ म्हणतात. तिन्ही शब्दांत थोडं थोडं खरं आहे. नक्की काय झालं ते कळायला आधी या मतदारसंघाचं आयुष्य पाहावं लागेल.

नावाचा गुंता आधी सोडवून टाकतो. कराड लिहायचं की कऱ्हाड, हा वाद इथं घेत नाही. रेल्वेच्या पाटीवर जे आहे तेच खाली वापरलं आहे (आणि ती पाटीसुद्धा गावात नाही, ओगलेवाडीला आहे). जास्त गोंधळ घालतात ते उत्तर आणि दक्षिण. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला मतदारसंघही याच नावांनी होते. दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली जिल्हा. हे नाव १९६० मध्ये बदललं. त्याचा कराड दक्षिण या विधानसभा मतदारसंघाशी काहीही संबंध नाही. तरी जुन्या याद्या चाळताना दक्षिण साताऱ्याचा खासदार कराडच्या खात्यावर टाकणारे भेटतातच. १९५२ मध्ये कराड नावाची लोकसभा नव्हती. ती आली १९५७ ला.

आणि आली तीच काँग्रेसच्या विरोधात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं ते वर्ष होतं. साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील गेले, कराडमधून शेतकरी कामगार पक्षाचे दाजीसाहेब चव्हाण. द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री, म्हणजे यशवंतराव चव्हाण, याच कराडचा, आणि त्याच्याच घरच्या लोकसभेवर विरोधकांचा झेंडा. खुद्द मुख्यमंत्री विधानसभेला थोडक्या मतांनी वाचले. चळवळीबद्दल इथं वेगळं सांगायची गरज नाही.

पुढे दाजीसाहेब काँग्रेसमध्ये आले आणि १९६२, १९६७, १९७१ अशा तिन्ही निवडणुका त्यांनी काँग्रेसकडून जिंकल्या. केंद्रात उपमंत्रीही झाले. पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातलं कुंभारगाव हे त्यांचं गाव. १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि नंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी निवडून आल्या. १९७७ च्या जनता लाटेतही त्यांनी जागा राखली. १९८० ला काकी राज्यसभेकडे वळल्या आणि लोकसभेवर रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते गेले. हेही मूळचे शेकापचेच. १९८४ आणि १९८९ ला पुन्हा प्रेमलाकाकी. १९९१ ला त्यांचे चिरंजीव पृथ्वीराज चव्हाण, मग १९९६ आणि १९९८ लाही तेच.

हिशेब मांडला तर १३ सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक, मिळून १४ निकाल. त्यातले ११ एकाच घरात गेले: वडील चार वेळा, आई चार वेळा, मुलगा तीन वेळा. घराणेशाहीचं उदाहरण म्हणून बारामतीचं नाव देशभर घेतलं जातं, पण हा उतारा काही कमी नाही. फरक एवढाच की या घराकडे साखर कारखाना नव्हता. आपल्याकडच्या राजकारणात ही फार मोठी गोष्ट आहे. ऊसपट्ट्यात राहून गाळपाच्या पावतीशिवाय निवडून यायचं, तर बाकीच्या कारखानदारांना आपसात तोलून धरावं लागतं. आमदारकी, कारखाना, जिल्हा बँक स्थानिक मंडळींकडे आणि दिल्ली कुंभारगावच्या घराकडे, अशी अलिखित वाटणी बरीच वर्षं चालली. ज्याच्या हातात गावातलं काहीच नाही, तो दिल्लीत कोणालाच नको वाटत नव्हता.

एक गोष्ट बाहेरच्यांना नेहमी चकवते. यशवंतराव चव्हाण कराडचे, समाधी कराडला, पण कराडचे खासदार ते कधीच नव्हते. संरक्षणमंत्री झाल्यावर आधी नाशिकमधून बिनविरोध गेले आणि १९६७ पासून साताऱ्याचे खासदार राहिले. १९८० मध्ये तर या दोन शेजारी मतदारसंघांनी दोन वेगवेगळ्या काँग्रेस निवडल्या. साताऱ्यानं यशवंतरावांना, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या अर्स काँग्रेसला, आणि कराडनं इंदिरा काँग्रेसला. राज्यातल्या ४८ जागांपैकी अर्स काँग्रेसला तेवढी एकच मिळाली. १९९६ लाही असंच झालं. साताऱ्यात शिवसेना निवडून आली आणि कराड जागचं हललं नाही. एका जिल्ह्यातल्या दोन जागा सारख्या मतदान करतात हा समज निदान इथं तरी टिकत नाही. पुढे जे एकत्र बांधलं गेलं त्या दोन भागांचा राजकीय स्वभाव आधीपासून वेगळा होता, म्हणून हे सांगितलं.

१९९९ ला पक्ष फुटला आणि कराडची जुनी घडी मोडली. त्या जूनमध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली आणि काही महिन्यांतच लोकसभा-विधानसभा एकत्र लागल्या. तालुक्यांतले बहुतेक आमदार, कारखाने, बँक घड्याळाकडे. पृथ्वीराज चव्हाण काँग्रेसमध्येच राहिले. त्यांच्यासमोर उभे राहिले श्रीनिवास पाटील, पाटण तालुक्यातल्या मारुल हवेलीचे, सनदी नोकरीतून आलेले. जिल्हाधिकारी म्हणून फाईल चालवलेला माणूस, पण भाषण सुरू केलं की ठेका ग्रामीण, मिशा पिळदार, आणि समोरच्याच्या गावाचं, आजोळचं नाव तोंडपाठ. चव्हाणांचं बोलणं अभियंत्याचं. आकडे बरोबर, टाळ्या कमी. चव्हाण हरले. २००४ लाही पाटीलच आले. चव्हाण तोवर राज्यसभेत गेले होते, तिथून पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री झाले आणि २०१० मध्ये मुख्यमंत्री. लोकसभेची जागा गेल्यावर माणूस जास्त उंच गेला, हा योगायोगच. पण पराभवानंतर ‘कराडची खासदारकी’ सांभाळणारं जुनं घर त्या जागेपासून तुटलं. त्यामुळं पुढं मतदारसंघच मोडायची वेळ आली तेव्हा त्यासाठी पोटतिडकीनं भांडायला नेमकं कोण होतं, हा प्रश्न राहतोच. विद्यमान खासदार एका पक्षाचे, माजी दुसऱ्या पक्षाचे, दोन्ही पक्ष राज्यात आणि केंद्रात एकत्र सत्तेत. कोणी कोणाविरुद्ध ओरडायचं?

आता मूळ मुद्दा.

२००२ च्या कायद्यानं परिसीमन आयोग, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणारा आयोग, नेमला गेला. त्याआधीची फेररचना १९७१ च्या जनगणनेवर झालेली, १९७६ ला लागू झालेली. त्याच वर्षी घटनादुरुस्तीनं जागांची संख्या गोठवली, कारण कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा नको. २००१ च्या दुरुस्तीनं ही गोठवणूक २०२६ पर्यंत वाढवली, पण एक दार किलकिलं ठेवलं: राज्याच्या जागा तेवढ्याच ठेवायच्या, मात्र राज्याच्या आत हद्दी नव्यानं आखायच्या. आधी त्यासाठी १९९१ ची जनगणना धरायची होती, २००३ मध्ये ते बदलून २००१ ची धरली. म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागांना हात लागणार नव्हता. त्या कोणत्या जिल्ह्यात असाव्यात एवढंच ठरायचं होतं.

हे गणित वहीच्या पानावर करता येतं. २००१ ला राज्याची लोकसंख्या होती ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. २८८ नं भागली की एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं येतात. सातारा जिल्हा होता २८ लाख ९ हजार. भागाकार ८.३५, म्हणून आमदार ८. आधी होते १०. खटाव आणि जावळी ही नावं विधानसभेच्या यादीतून तेव्हाच गेली. सांगली २५ लाख ८३ हजार, भागाकार ७.६८, आमदार ९ चे ८. कोल्हापूर ३५ लाख २३ हजार, भागाकार १०.४७, आमदार १२ चे १०. दुसरीकडे ठाणे ८१ लाख ३१ हजार, आमदार १३ चे थेट २४. पुणे १८ चे २१.

लोकसभेची एक जागा म्हणजे विधानसभेचे सहा तुकडे. सातारा, सांगली, कोल्हापूर मिळून आधी ३१ आमदार होते आणि लोकसभेची नावं पाच: सातारा, कराड, सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर. नव्या हिशेबात आमदार उरले २६. चार सक चोवीस, आणि दोन शिल्लक. म्हणजे पाचांतला एक जाणारच होता. शिल्लक राहिलेले ते दोन म्हणजे फलटण आणि माण. ते सोलापूरच्या चार मतदारसंघांना जोडून माढा बनला. इचलकरंजीचं नाव जाऊन हातकणंगले आलं. वाळव्याचा इस्लामपूर मतदारसंघ आणि शिराळा आता त्यात आहेत. आणि कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण हे तिन्ही वाई, कोरेगाव आणि सातारा यांच्याबरोबर एका दावणीला बांधून त्या सहांना नाव दिलं सातारा.

‘रद्द’ या शब्दाबद्दल माझी तक्रार इथंच आहे. आयोगाच्या आदेशात अमुक मतदारसंघ रद्द करतो असं वाक्य नसतं. नवी यादी असते आणि जुनं नाव त्यात नसतं, इतकंच. नव्या साताऱ्याच्या सहा विधानसभांतल्या तीन जुन्या कराडच्या आहेत. निम्मा मतदारसंघ कराडचा. उलट जुन्या साताऱ्याचाही पूर्वेकडचा दुष्काळी भाग सोलापूरकडे गेला. तेव्हा साताऱ्यानं कराड गिळलं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. दोन मोडक्या घरांचे वासे घेऊन एक घर उभं केलं आणि पाटी एकाचीच लावली. ती पाटी जिल्ह्याच्या ठिकाणाची असावी यात वावगं काही नाही. पण ‘सातारा-कराड’ लिहिलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? त्याच आदेशात रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे, यवतमाळ-वाशीम आहे, गडचिरोली-चिमूर आहे, भंडारा-गोंदिया आहे. जोडनाव ठेवायची सोय होती. ती इथं वापरली नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात टाळता येण्यासारखी चूक ही एवढीच, आणि तिचंच दुःख लोकांना जास्त झालं.

हद्दींच्या बाबतीत मात्र कागदावर दुसरं काही बसत होतं का, हे मी अनेकदा नकाशा पुढ्यात घेऊन पाहिलं आहे. कराडकरांचं आवडतं उत्तर असं: कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण हे तीन, आणि शेजारचे शिराळा, इस्लामपूर, पलूस-कडेगाव हे सांगलीचे तीन. कृष्णा-वारणेच्या काठचा सलग ऊसपट्टा, भाषा एक, सोयरीक एक, यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रेही त्यातच. दिसायला इतकं देखणं की आयोगाला सुचलं कसं नाही असं वाटावं. पण पुढं मोजत जा. सांगली जिल्ह्याचे उरतात पाच. कोल्हापूरचे दहा, सहा एका लोकसभेला दिले की उरलेल्या चारांना दोन हवेत, ते सांगलीकडूनच येणार. मग सांगलीकडे उरतात तीन. म्हणजे कराड वाचवायला सांगली मोडावी लागते. शिवाय इकडे सातारा, वाई, कोरेगाव, फलटण, माण असे पाचच राहतात, सहावा पुणे किंवा सोलापुरातून ओढून आणावा लागतो. एका मतदारसंघाचं नाव राखायला दोन जिल्हे फोडायचे, हे कोणत्याही आयोगानं केलं नसतं.

कार्यपद्धतीबद्दलचा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नाही आणि निर्णयावर सही करायचा अधिकारही नाही. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते, आणि अंतिम आदेश निघाला की न्यायालयात जाता येत नाही. लोकसभेत तो ठेवला जातो, पण सभागृह त्यात काना-मात्राही बदलू शकत नाही. पक्षपात होऊ नये म्हणून ही व्यवस्था केली आहे आणि ती बऱ्यापैकी पाळलीही जाते. पण ज्याचं गाव हललं त्या माणसाला तक्रार करायला जागा राहत नाही. १९ फेब्रुवारी २००८ ला आदेश लागू झाला. कराडची लोकसभा तेव्हापासून इतिहासजमा.

याच फटक्यात कराड शहरही उत्तरेतून दक्षिणेत गेलं. कराड उत्तर नावात कराड राहिलं, कराड शहर राहिलं नाही. लोकसभेपेक्षा याचाच परिणाम गावच्या राजकारणावर जास्त झाला. ज्यांनी आयुष्यभर शहर बांधलं त्यांच्या वारसांना शहराबाहेरच्या गावांवर निवडून यावं लागलं, आणि दक्षिणेतल्या जुन्या आमदारांपुढं अचानक पेठांचे मतदार आले. शनिवार पेठेतल्या त्या आजोबांचा गोंधळ या दोन्ही बदलांचा मिळून होता.

तर मग कराडची जागा गेली कुठे? आकडे सरळ बोट दाखवतात. ठाणे जिल्ह्यात आधी ठाणे आणि डहाणू एवढ्या दोन लोकसभा होत्या, नव्या रचनेत ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर अशा चार झाल्या. पुण्याकडे शिरूर आणि मावळ ही नवी नावं आली. आणि या शहरांत जाऊन गर्दी कोणी केली? बाकी सगळ्या देशाबरोबर आपल्याच माणसांनी. पाटणची खोरी मुंबईच्या गोदीला, दाणाबंदराला, पुढं वाशीच्या बाजाराला हमाल पुरवत आली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील ढेबेवाडी खोऱ्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे. खासदारांचं कुंभारगाव तिथून काही लांब नाही. कोयना धरणात गावं गेली त्यातली बरीच माणसं सरकारनंच ठाणे-रायगडकडे नेऊन बसवली. ज्या वाडीत शंभर उंबरे आहेत तिथं आज दिवे तीस-चाळीसच लागतात, बाकीच्या दारांची कुलपं जत्रेला निघतात.

गंमत अशी की ही माणसं दोन्हीकडे असतात. मतदार यादीत नाव गावाकडं, ग्रामपंचायतीच्या मतदानाला उमेदवार घाटकोपरहून गाड्या भरून आणतो, सोसायटीच्या निवडणुकीला तर मुंबईकर मंडळाचा शब्द अखेरचा. पण जनगणनेचा माणूस दारात येतो तेव्हा ते कोपरखैरण्यात असतात आणि तिथंच मोजले जातात. हद्दी आखताना मतदार यादी बघत नाहीत, डोकी मोजतात. कराड-पाटणची पोरं मतानं गावाची राहिली आणि मोजणीनं ठाण्याची झाली. जागा त्यांच्या मागोमाग गेली. आयोगानं पळवली म्हणणाऱ्यांना हे रुचत नाही, पण पहाटेच्या मुंबईच्या गाड्यांनी ती आधीच थोडी थोडी नेली होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर. २००९ ला नव्या साताऱ्याची उमेदवारी साताऱ्याच्या राजघराण्याकडे गेली आणि कराडच्या विद्यमान खासदारांना घरी बसावं लागलं. पुढं ते सिक्कीमचे राज्यपाल झाले. २०१४ आणि २०१९ लाही सातारा उदयनराजेंकडेच राहिला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा देऊन पक्ष बदलला, पोटनिवडणूक लागली, आणि समोर उमेदवार म्हणून परत आले श्रीनिवास पाटील. शरद पवारांची भर पावसातली ती सभा साताऱ्यात झाली, पण मतांचा गठ्ठा कुठून येणार याचा हिशेब करणारे कराड-पाटणकडे बघत होते. ते ८७ हजारांहून अधिक मतांनी आले. कराडचा शेवटचा खासदार दहा वर्षांनी सातारा नावाच्या पाटीखाली लोकसभेत गेला. त्या निकालाच्या दिवशी दत्त चौकात एकानं ‘कराडची शीट परत आली’ म्हणून पेढे वाटले. तांत्रिकदृष्ट्या चूक, पण कोणी त्याला अडवलं नाही.

२०२४ ला राजे पुन्हा जिंकले, ३२ हजार ७७१ च्या फरकानं. त्या निवडणुकीत शरद पवारांच्या पक्षाच्या तुतारीसारख्या दिसणाऱ्या पिपाणी या चिन्हाला ३७ हजारांवर मतं पडली, त्यावरून आजही पारावर वाद होतात. माझ्या मते त्या वादात अर्धी गोष्ट राहून जाते: निम्मा मतदारसंघ कराड-पाटणचा असताना दोन्ही बाजूंचे उमेदवार तिथले नव्हते. त्याच वर्षीच्या विधानसभेला कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाणही हरले. १९५७ पासून बहुतेक काळ या ना त्या सभागृहात असलेलं घर तेव्हा कुठंच उरलं नाही.

नाव गेलं तरी कराडचं महत्त्व कमी झालं असं दिसत नाही. राज्यात काहीही मोडलं-जोडलं की पुढारी प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी, येतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी शरद पवार इथंच आले होते. दर २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं फुलं वाहून जातात.

आता पुढची जनगणना २०२७ ला आहे आणि २०२६ नंतरच्या जनगणनेवर गोठवणूक उठायची आहे. राज्याच्या एकूण जागा वाढल्या तर सगळेच हिशेब नव्यानं मांडावे लागतील. न वाढल्या तर वही पुन्हा काढावी लागेल. २०११ च्या आकड्यांवर एका आमदारामागे ३ लाख ९० हजार माणसं येतात. सातारा ३० लाख ४ हजार, भागाकार ७.७. सांगली २८ लाख २२ हजार, भागाकार ७.२, म्हणजे आठातला एक आमदार तिथं आत्ताच धोक्यात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढलं. सातारा जिल्हा वाढला सातही नाही.